पर्यावरण प्रकल्प नेटवरून उतरवताय? या चुका टाळा

नागपूर शहरातून वाहणाऱ्या नाग नदीवरच्या प्रकल्पात 'नदीच्या दोन्ही काठांवर उसाचे मळे आहेत' असं वाक्य आलं की पुढचं वाचायची गरजच उरत नाही. कोल्हापूरच्या कुणाचा तरी पंचगंगेवरचा प्रकल्प पीडीएफमध्ये सापडला, पंचगंगा खोडून नाग नदी केली, ऊस मात्र तसाच राहिला. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नेटवर असंच लिवलं होतं सर."

अकरावी-बारावीच्या प्रकल्पातली सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, उसनी निरीक्षणं. प्रस्तावना आणि उद्दिष्टं थोडीफार सारखी असणारच, त्यावर कुणी अडून बसत नाही. पण निरीक्षण म्हणजे तुम्ही स्वतः पाहिलेलं. त्यासाठी लांब जायला नको. अंबाझरी तलावाच्या सांडव्यापाशी अर्धा तास थांबा. पाण्याचा रंग, वास, अडकलेला कचरा वहीत टिपा. जवळच्या वस्तीत दोन-चार घरी विचारा, २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात पाणी कुठवर चढलं होतं. लोक भिंतीवरची खूण दाखवतात. हे कुठल्याच पीडीएफमध्ये नसतं.

विकिपीडियावरून उचललेला मजकूर तर लगेच ओळखू येतो. वाक्याच्या शेवटी चौकटी कंसातले [३], [७] राहून जातात, मधेच निळे शब्द छापले जातात. खरं तर विकिपीडिया वापरायला बंदी नाही, श्रेय दिलं की तिथला मजकूर वापरता येतो. पण पान-पान उतरवलं तर प्रकल्प तुमचा कसा? मराठी विश्वकोशही नेटवर फुकट वाचता येतो, आधी तो बघा. ब्रेनलीवरची उत्तरं बहुतेक तुमच्यासारख्याच मुलांनी दिलेली असतात, स्क्रिब्डवर कुणीही फाइल चढवतं. तिथला आकडा दुसरीकडे पडताळल्याशिवाय घेऊ नका.

इंग्रजी लेख भाषांतराच्या ॲपमधून काढला तर 'प्लांट' या शब्दामुळे भांडेवाडीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र 'सांडपाणी प्रक्रिया वनस्पती' होऊन बसतं. चॅटजीपीटीची खोड वेगळी: संदर्भ मागितले तर अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांची नावं तो कधीकधी बिनदिक्कत देतो. मराठी मात्र गुळगुळीत असते, म्हणून मुलं फसतात. शिक्षकाला सॉफ्टवेअरही लागत नाही. एखादं वाक्य अवतरणचिन्हात टाकून गुगलवर शोधलं की मूळ पान समोर येतं.

आधीच उतरवून झालंय आणि तोंडी परीक्षा परवावर आलीय? मग सगळं फाडू नका. निरीक्षणांचे तक्ते तेवढे काढून टाका आणि एक सकाळ नदीवर घालवून नवे भरा. प्रस्तावनेसाठी मूळ पान बंद करा आणि जेवढं आठवतं तेवढंच लिहा. पान कमी भरलं तरी चालेल. निष्कर्ष नव्या तक्त्यांवरूनच काढा, जुना ठेवलात तर दोन्ही जुळणार नाहीत. संदर्भात पानाचं नाव, दुवा आणि पाहिल्याची तारीख द्या. नुसतं 'गुगल' लिहिलेलं संदर्भ म्हणून चालत नाही.