गव्हाचा ब्रेड की अख्ख्या गव्हाचा? पाकीट उलटून बघा

मैदाही गव्हाचाच असतो, म्हणून पाकिटावर ‘व्हीट’ दिसलं की आत कणीकच आहे असं धरू नका. गव्हाच्या दाण्यात साधारण 83 टक्के पांढरा गर, 14 टक्के कोंडा आणि 2 ते 3 टक्के अंकुर असतो. मैद्यात उरतो फक्त गर. चोथा, लोह आणि बरीचशी ब जीवनसत्त्वं कोंडा-अंकुराबरोबर निघून जातात. तिन्ही भाग असतील तरच ते अख्ख्या गव्हाचं पीठ.

ब्रेड घेताना घटकांची यादी वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलंच नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’ असेल तर तो मुख्यतः मैद्याचा ब्रेड, मग पुढे ‘ब्राउन’ लिहिलेलं असो की ‘मल्टीग्रेन’. ‘होल व्हीट फ्लोअर’ किंवा ‘आटा’ पहिला हवा, आणि शेजारी टक्केवारी असेल तर तीही बघा. रंगावर अजिबात जाऊ नका; तो तपकिरीपणा कॅरॅमल या खाद्यरंगाचाही असतो (यादीत तो ‘आयएनएस 150’ या क्रमांकाने दिसतो).

सगळ्यात खात्रीचं म्हणजे गिरणीचं दळण. मार्केट यार्डातून किंवा नेहमीच्या वाण्याकडून लोकवन नाहीतर सिहोर घ्या, निवडा, ऊन दाखवा. आधी काय दळलं हे गिरणीत विचाराच. ज्वारी-बाजरीनंतर लगेच गहू टाकला तर ते पीठ मिसळतं आणि पोळी लाटताना चिरते. दळण गरम असतं. तसंच डब्यात कोंबलं तर वाफ धरून गाठी होतात. कागदावर पसरून पूर्ण गार करा. अंकुरातल्या तेलामुळे कणीक मैद्यापेक्षा लवकर खवट होते, तेव्हा उन्हाळ्यात पंधरा दिवसांपुरतंच दळा.

आणि मैद्याच्या बारीक चाळणीने चाळून कोंडा टाकून देऊ नका! मग अख्खा गहू दळून काय मिळवलं?

घरी पाव करताना एकदम सगळा मैदा बदलू नका. कोंड्याचे कण ग्लुटेनची (पिठाला चिवटपणा देणाऱ्या गव्हातल्या प्रथिनाची) जाळी तोडतात, पाव दडस होतो. 250 ग्रॅम मैद्याऐवजी 125 ग्रॅम कणीक आणि 125 ग्रॅम मैदा घ्या, पाणी 15 ते 20 मिली वाढवा. यीस्ट आणि मीठ घालण्याआधी नुसतं पीठ-पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा. कोंडा सावकाश पाणी पितो; घाई केली तर सुरुवातीला सैल वाटलेलं पीठ नंतर घट्ट होतं आणि पाव कोरडा निघतो.