ऐरोलीला निघण्याआधी दोन पेनड्राइव्ह

शनिवारी मावशीकडे ऐरोलीला जायचंय. तिथे दोन मशीन वाट बघतायत, काकांचा कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरवाला डेस्कटॉप आणि वहिनीचा नवा लॅपटॉप. दोन्हींवर पेनड्राइव्हवरून ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकायचीय. ठाण्याहून ऐरोली म्हणजे दुसरंच स्टेशन, मध्ये फक्त दिघा गाव. तरी विसरलेल्या एका फाइलसाठी नौपाड्यात परत यायची माझी तयारी नाही, म्हणून सगळं आदल्या रात्रीच उरकायचं.

पेनड्राइव्हला हात लावण्याआधी फोन. दोघांना रन उघडून एमएसइन्फो३२ टाइप करायला सांगायचं आणि ‘बायोस मोड’ची, म्हणजे मशीन कुठल्या पद्धतीने सुरू होतं ते सांगणारी, ओळ दिसेल असा फोटो मागवायचा. वहिनीकडे यूईएफआय (नवी पद्धत), काकांकडे लेगसी (जुनी). उरलेले निर्णय यावरूनच होतात. एकच पेनड्राइव्ह दोघांना चालवायचा मोह होतो, व्हेंटॉयने (एकाच पेनड्राइव्हवर अनेक सिस्टीम ठेवणारं अ‍ॅप) तो बऱ्याचदा पुरतोही, पण जुन्या बायोसपुढे मी तरी जुगार खेळत नाही.

काकांना विंडोज ११ हवंय. टीपीएम या सुरक्षा चिपची अट रूफस या पेनड्राइव्ह बनवणाऱ्या अ‍ॅपमध्ये एका टिकने टाळता येते, पण त्याच्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला पॉपसीएनटी नावाची सूचना कळावी लागते आणि कोअर टू ड्युओला ती कळतच नाही. १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम, तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. फाइल उतरवली की तिचा एसएचए२५६ आकडा (फाइलचा ठसाच म्हणा) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघायचा. विंडोजमध्ये सर्टयुटिल ही कमांड हे काम करते. हा सोपस्कार वाटतो, पण फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच साइटवरचा दुवा बदलून कुणीतरी चोरदरवाजा असलेली फाइल लोकांच्या गळ्यात मारली होती. हा पेनड्राइव्ह रूफसमध्ये एमबीआर (जुन्या मशीनला कळणारी डिस्कची मांडणी) ठेवून करायचा. रूफसच्या नेहमीच्या आयएसओ मोडने मशीन उठलं नाही तर डीडी मोड, म्हणजे फाइलची हुबेहूब नक्कल. त्यानंतर विंडोज ‘फॉर्मॅट करू का’ विचारेल, तिला नाही म्हणायचं.

वहिनीसाठी विंडोजचा ८ जीबीचा दुसरा पेनड्राइव्ह, जीपीटी (डिस्कची नवी मांडणी) आणि यूईएफआय. त्यातच एका फोल्डरमध्ये कंपनीच्या साइटवरून घेतलेला इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर सुटा करून ठेवायचा. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये तो दिल्याशिवाय इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही, आणि माणूस उगाच ‘एसएसडी गेली’ म्हणून घाबरतो. बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) ४८ अंकी की वहिनीच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून काढून कागदावर लिहून घ्यायची. सिक्युअर बूटला (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारी सेटिंग) हात लागला की लॅपटॉप तीच मागत बसतो.

दोन्ही पेनड्राइव्हवर चिकटपट्टी लावून नावं लिहायची. एकदा दिसायला सारखे दोन लावून मी भाचीच्या बारशाचे फोटो पुसलेत. बहीण अजून टोमणे मारते.

बॅकअप हा खरा वेळखाऊ भाग. काका बारा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते, सगळी पत्रं श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये. नुसत्या फाइली उचलल्या तर मिंटमध्ये मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल, म्हणून विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले ते फॉन्टही सोबत घ्यायचे, आणि महत्त्वाच्या पत्रांची तिथेच पीडीएफ करायची. मग एक्स्टर्नल डिस्क काढून दोन-तीन फाइली माझ्या लॅपटॉपवर उघडून बघायच्या. त्याआधी काहीही पुसायचं नाही.

पिशवीत वायरचा कीबोर्ड हवा, कारण जुनं मशीन सुरू होताना वायरलेसचं ऐकेलच असं नाही. सीआर२०३२ सेलही हवा. काकांच्या मशीनचं घड्याळ दर वेळी मागे जातं. पेनड्राइव्ह मागच्या यूएसबी २ मध्ये लावायचा, आणि बायोसच्या यादीत तो ‘हार्ड डिस्क’खाली लपलाय का तेही बघायचं. बूट मेनूसाठी (मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायला) काकांकडे एफ१२, वहिनीच्या एचपीला एफ९.

मावशीने गावदेवी मंडईतून अळूच्या दोन जुड्या आणायला सांगितल्यात. त्या वेगळ्या पिशवीत, ओल्या असतात.