खालच्या गुदाशयाचा कर्करोग: लसिका आणि शिरांचा निचरा ओळखून शस्त्रक्रिया कशी करावी

वरच्या गुदाशयातल्या गाठीचा हिशेब सरळ असतो. लसिका (लिम्फ) वर जाते, रक्तही वर जातं आणि सर्जन त्यांच्या मागोमाग आतड्याला रक्त पुरवणाऱ्या इन्फिरियर मेसेंटरिक धमनीच्या मुळाशी पोचतो. गुदद्वाराच्या कडेपासून 5 सेंमीच्या आत गाठ असली की हा हिशेब बिघडतो. तिथे लसिकेला तीन वाटा आहेत आणि शिरांना दोन. या रुग्णात कोणती वाट उघडी आहे, हे एमआरआय बघतानाच ठरवायचं. पोट उघडल्यावर ठरवायला गेलात तर उशीर झालेला असतो.

निचरा कुठे जातो

लसिकेची मुख्य वाट वरची. मेसोरेक्टममधले (गुदाशयाभोवतीच्या चरबीच्या वेष्टनातले) नोड म्हणजे लसिकाग्रंथी, तिथून सुपीरियर रेक्टल धमनीच्या कडेने इन्फिरियर मेसेंटरिकचं मूळ. जपानी सर्जन या टप्प्यांना 251, 252 आणि 253 असे क्रमांक देतात. हे क्रमांक पाठ करावेत, कारण पॅथॉलॉजिस्टशी बोलताना संदिग्धता उरत नाही.

दुसरी वाट बाजूची. पेरिटोनियमची (पोटाच्या पोकळीच्या आतल्या अस्तराची) घडी संपते त्याच्या खाली गाठ असेल तर लसिका मिडल रेक्टल वाहिन्यांच्या कडेने इंटर्नल इलियक (263) आणि ऑब्ट्युरेटर (283) नोडकडे जाऊ शकते. हे नोड मेसोरेक्टमच्या आवरणाबाहेर असतात. म्हणजे टीएमई (मेसोरेक्टम संपूर्ण काढण्याची शस्त्रक्रिया) कितीही सुबक झाली तरी ते तिथेच राहतात.

तिसरी वाट खालची, जांघेतल्या नोडकडे. डेंटेट लाइन, म्हणजे गुदमार्गाच्या आतल्या अस्तरातली सीमारेषा, गुदद्वाराच्या कडेपासून साधारण 2 सेंमी वर असते आणि ती घाटमाथ्यासारखं काम करते: वरचं पाणी एकीकडे, खालचं दुसरीकडे. मात्र वरच्या वाहिन्या गाठीने तुंबल्या तर प्रवाह उलटा फिरतो. म्हणून गाठ डेंटेट लाइनपर्यंत आली असेल तर दोन्ही जांघा हाताने तपासा आणि संशयास्पद नोडची सुईने तपासणी करून घ्या.

शिरांचं गणित वेगळं आहे. सुपीरियर रेक्टल शीर इन्फिरियर मेसेंटरिक शिरेतून पोर्टल प्रवाहात, म्हणजे यकृतात जाते. मिडल आणि इन्फिरियर रेक्टल शिरा इंटर्नल इलियकमधून थेट इन्फिरियर व्हेना कॅव्हात उघडतात. त्यामुळे खालच्या गाठीतल्या पेशी यकृताला वळसा घालून फुप्फुसात पोचू शकतात. यकृत स्वच्छ आहे म्हणून छातीचा सीटी टाळणं ही इथे चूकच.

एमआरआय कसा वाचावा

गुदाशयाच्या लांब अक्षाला काटकोनात घेतलेले 3 मिमी जाडीचे टी2 (एमआरआयचा एक प्रकार) काप हवेत. साधे आडवे काप खालच्या भागात तिरके पडतात आणि आवरणापासूनचं अंतर चुकतं. कापांची व्याप्ती बाजूच्या नोडपर्यंत आहे ना, हेही पाहा.

बाजूचा नोड मोजताना लहान अक्ष धरा. उपचारापूर्वी तो 7 मिमी किंवा जास्त असेल तर केमोरेडिएशन आणि टीएमई केल्यावरही बाजूला रोग परतण्याचं प्रमाण जास्त असतं. अनेक देशांतल्या केंद्रांनी एकत्रित केलेल्या, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा रुग्णांत ते 5 वर्षांत 19.5 टक्के होतं; बाजूचे नोड काढलेल्यांत 5.7 टक्के. उपचारानंतरच्या स्कॅनवर इंटर्नल इलियक नोड 4 मिमीपेक्षा किंवा ऑब्ट्युरेटर नोड 6 मिमीपेक्षा मोठा उरला असेल तर काळजीचं कारण आहे. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे फक्त नंतरचा स्कॅन बघणं. पहिला स्कॅन शेजारी उघडून ठेवा.

भिंतीबाहेरच्या शिरेत गाठ शिरली आहे का, तेही याच स्कॅनवर दिसतं. निरोगी शिरेतल्या वाहत्या रक्तामुळे टी2वर ती काळी दिसते. गाठ शिरलेली शीर फुगलेली, वेड्यावाकड्या काठाची आणि गाठीच्याच करड्या छटेची असते.

वरची बाजू: धमनी आणि शीर वेगवेगळ्या जागी बांधा

इन्फिरियर मेसेंटरिक धमनी महाधमनीच्या दुभाजनाच्या 3 ते 4 सेंमी वर निघते. ती महाधमनीपासून 1 ते 2 सेंमी सोडून बांधा. अगदी चिकटून बांधायला गेलात तर तिथलं सिम्पथेटिक नसांचं (मज्जातंतूंचं) जाळं सापडतं आणि पुरुषांत वीर्यस्खलन बिघडतं. लेफ्ट कोलिक ही तिची फांदी राखायची असेल तरी मुळाशी असलेले 253 नोड काढून मगच खाली बांधा.

शीर धमनीच्या डावीकडून एकटीच वर जाते. आतडं पेल्विसच्या तळापर्यंत न्यायचं असेल तर ती लहान आतड्याच्या सुरुवातीच्या ड्युओडिनोजेजुनल वळणाच्या डावीकडे, स्वादुपिंडाच्या खालच्या काठाशी दुसऱ्यांदा बांधावी लागते. ‘स्प्लीनिक फ्लेक्शर (प्लीहेजवळचं मोठ्या आतड्याचं वळण) सोडवलं तरी आतडं पोचत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा न कापलेली हीच शीर असते. कापण्यापूर्वी तिच्याजवळ ठोका बघा. रियोलानची कमान (आतड्याच्या दोन मुख्य धमन्यांना जोडणारी वाहिनी) तिथून जात असेल तर ती वाचवायची आहे.

मेसोरेक्टम

ब्रिटिश सर्जन आर. जे. हील्ड यांनी 1982 मध्ये मांडलेली कापण्याची पातळी तीच: मेसोरेक्टमचं चकचकीत आवरण आणि प्रीसॅक्रल फॅशिया (पेल्विसच्या मागच्या सॅक्रम हाडापुढचा तंतुमय पडदा) यांच्यामधला कापसासारखा सैल थर. ताण द्या, बघा आणि धारदार साधनाने कापा. तिसऱ्या-चौथ्या सॅक्रल मणक्याच्या पातळीला रेक्टोसॅक्रल फॅशिया आडवा येतो. तो कॉटरीने (विजेच्या उष्णतेने कापणाऱ्या साधनाने) कापायचा. हाताने रेटला तर तो फाटतो आणि हाडावरचा फॅशिया शिरांसकट उचलून आणतो.

खाली मेसोरेक्टम निमुळता होत संपतो. त्याच्या नादी लागून आत वळलात तर शंकूसारखा नमुना निघतो आणि कडा गाठीजवळ येते. मेसोरेक्टममध्ये रोग गाठीच्या खाली साधारण 4 सेंमीपर्यंत उतरलेला सापडतो, म्हणून खालच्या गाठीत मेसोरेक्टम संपूर्ण काढायचा. स्नायूच्या नळीला मात्र 1 सेंमी कडा चालते. नमुन्याची भोवतालची कडा गाठीपासून 1 मिमी किंवा कमी असेल तर ती बाधित धरतात.

बाजूला चिमटा लावून ‘लॅटरल लिगामेंट’ बांधायची जुनी सवय सोडा. मिडल रेक्टल धमनी अनेकांत सापडतच नाही; असली तर कॉटरी पुरते. त्या चिमट्यात येतो तो पेल्विक प्लेक्सस, म्हणजे पेल्विसमधल्या नसांचं जाळं.

बाजूचे नोड कधी आणि कसे काढावेत

जपानमध्ये गाठ पेरिटोनियमच्या घडीखाली आणि स्नायूथराबाहेर गेलेली असली की हे नोड काढण्याचा प्रघात आहे. तिथल्या जेसीओजी (जपान क्लिनिकल ऑन्कॉलॉजी ग्रुप) 0212 चाचणीत बाजूचे नोड मोठे नसलेले 701 रुग्ण होते. स्थानिक पुनरावृत्ती नोड काढलेल्यांत 7.4 टक्के, न काढलेल्यांत 12.6 टक्के, पण 5 वर्षांचं रोगमुक्त आयुर्मान जवळपास सारखंच. शस्त्रक्रियेपूर्वी रेडिएशन कुणालाच नव्हतं. आमच्या मते सरसकट काढण्यात अर्थ नाही, आणि मोठा नोड रेडिएशनच्या भरवशावर सोडण्यातही नाही.

आधी युरेटर (मूत्रवाहिनी) शोधून पट्टीने मध्याकडे ओढा. त्याच्यासोबत हायपोगॅस्ट्रिक नस असलेला फॅशियाचा पडदा तसाच आत ढकला. ही आतली भिंत. मूत्राशयाकडे जाणाऱ्या वाहिन्यांचा दुसरा पडदा म्हणजे व्हेसिकोहायपोगॅस्ट्रिक फॅशिया. दोन पडद्यांच्या मध्ये इंटर्नल इलियक नोड, दुसऱ्याच्या बाहेर ऑब्ट्युरेटर पोकळी.

ही पोकळी बाहेरून उघडा: एक्स्टर्नल इलियक शिरेची आतली कडा, मग सोअस स्नायू, मग ऑब्ट्युरेटर इंटर्नस स्नायू. ऑब्ट्युरेटर नस वर इलियक दुभाजनाच्या मागे आणि खाली ऑब्ट्युरेटर कालव्याच्या तोंडाशी अशी दोन्ही टोकांना ओळखली की मधला चरबीचा गठ्ठा निर्धास्त सुटतो. ऑब्ट्युरेटर धमनी आणि शीर क्लिप लावून कापता येतात. नस नाही, कारण मांडी आत ओढण्याची ताकद जाते. मागचा तळ म्हणजे लंबोसॅक्रल ट्रंक आणि सायॅटिक नस, तिथे ऊर्जेची साधनं जपून वापरा. खालच्या टोकाच्या लसिकावाहिन्यांना क्लिप लावा, नाहीतर काही दिवसांनी लसिकेचा फुगा तयार होतो.

सर्वांत जास्त सुटतात ते सुपीरियर व्हेसिकल धमनीच्या पलीकडचे, अल्कॉक कालव्याकडे (पेल्विसच्या तळाशी बाजूला असलेल्या वाहिन्यांच्या मार्गाकडे) जाणारे खोल नोड. रोग तिथे चिकटला असेल तर एका बाजूच्या इन्फिरियर व्हेसिकल वाहिन्या काढता येतात. दोन्ही बाजूंच्या काढल्यास मूत्राशय रिकामं होण्याची अडचण वाढते. इंटर्नल इलियक शिरेच्या फांद्या पातळ आणि दर माणसात निराळ्या. फाटलीच तर अंदाजाने चिमटा लावू नका. गॉजने दाबा, सक्शन लावा, कडा दिसल्यावर 5-0 पॉलिप्रोपिलीनने शिवा.

सॅक्रमपुढचा रक्तस्राव

इथल्या शिरांना झडपा नाहीत आणि त्या हाडातल्या बेसिव्हर्टिब्रल शिरांना जोडलेल्या असतात. लिथोटॉमी स्थितीत (पाय वर उचललेले असताना) दाब आणखी चढतो. तुटलेलं टोक हाडात ओढलं जातं, म्हणून टाका धरत नाही आणि साधी कॉटरी भोक मोठं करते.

आधी बोटाने दाबा आणि भूलतज्ज्ञाला सांगा. रक्त मागवून येईपर्यंत बोट काढू नका. एकच बिंदू असेल तर टायटॅनियमची टाचणी हाडात ठोकता येते, किंवा पोटाच्या रेक्टस स्नायूचा 1 ते 2 सेंमीचा तुकडा त्या जागी दाबून त्यावरून कॉटरी चालवतात. स्नायू भाजून तिथेच चिकटतो. पसरट स्राव असेल तर गॉजने घट्ट भरून पोट बंद करा आणि 24 ते 48 तासांनी पुन्हा उघडा. रुग्ण थंड पडत असताना तिसरा-चौथा उपाय करून बघण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

नमुना पाठवताना

बाजूचे नोड उजवे-डावे आणि ठिकाणवार वेगळ्या बाटल्यांत पाठवा: 263 डावे, 283 डावे, याप्रमाणे. मुख्य नमुन्यात किमान 12 नोड मोजले जावेत. रेडिएशननंतर ते कमी भरतात, हे अर्जावर लिहा. मेसोरेक्टम उघडू नका, पाठीमागची बाजू अखंड आहे हे पॅथॉलॉजिस्टला आधी बघू द्या.