उद्या लॅपटॉप दुकानात न्यायचाय, त्याआधी

मागच्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप दुकानाच्या वाढीव वॉरंटीत एक पैसा न देता दुरुस्त झाला, आणि त्या फुकटात आमच्या सोसायटीचा वर्षभराचा हिशोब गेला. आता त्याच लॅपटॉपचा स्क्रीन लुकलुकतोय. उद्या परत त्याच काउंटरवर उभं राहायचंय, म्हणून आज रात्री काय काय करून ठेवतोय ते लिहितो.

बिल, चार्जर, बॅकअप. हे सांगायची गरज नाही. बिलाचं एवढंच की त्यावर सीरियल नंबर छापलेला असतो, तो लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरशी आज घरीच ताडून बघा. थर्मल कागदाचं बिल असेल तर झेरॉक्स काढा, वर्षभरात अक्षरं उडतात.

आता मुद्द्याचं. ४८ आकड्यांचा नंबर. रिकव्हरी की म्हणतात तिला. तुमच्याकडे आहे का? नसेल तर बाकीचं वाचायचं थांबवा आणि आधी ती शोधा.

झालं असं होतं. लॅपटॉप अर्धा तास चालून बंद पडायचा. तेवढ्या वेळात मी फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि बॅकअप झाला म्हणून खूश झालो. हिशोबाचं फोल्डर डेस्कटॉपवरच राहिलं. राहू दे, म्हटलं, मदरबोर्ड बदलणार आहेत, डिस्कला कोण हात लावतंय! डिस्कला खरंच कुणी हात लावला नाही. पण नवीन लॅपटॉपात विंडोज आपणहून डिस्कला कुलूप घालतं, आणि रोज ते गुपचूप उघडणारी किल्ली मदरबोर्डवरच्या टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. बोर्ड बदलला, चिप गेली. घरी आणून चालू केला तर निळा स्क्रीन, आणि त्यावर ४८ आकडे टाका म्हणून सूचना. फायली सगळ्या आत, जागच्या जागी, मी बाहेर.

हा नंबर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटमध्ये जमा असतो. कुणाच्या अकाउंटमध्ये, हे विचारा. खरेदीच्या दिवशी दुकानातल्या पोराने ‘काका, सेटअप करून देतो’ म्हणत काउंटरवरच एक नवा मेल आयडी काढला होता. पासवर्ड त्याचा, ओटीपी त्याच्या मोबाइलवर. मी दीड वर्ष चार आकडी पिन टाकत बसलो, आयडी कुठला आहे हे कधी बघितलंच नाही. पोरगा नोकरी सोडून गेलेला. पिनचाही उपयोग नाही, कारण पिनही त्या जुन्या चिपशीच बांधलेला असतो. सर्व्हिस सेंटरवाल्याने शांतपणे सांगितलं, फॉरमॅट करावा लागेल. केला. मग मी पावत्यांच्या पिशव्या घेऊन जेवणाच्या टेबलावर बसलो, कारण सोसायटीची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि चिटणीस मीच.

तर आज रात्री: सेटिंग्जमध्ये जाऊन अकाउंट कुणाच्या नावाचं आहे ते बघा. त्याचा पासवर्ड, पिन नव्हे, पासवर्ड, तुम्हाला येतो का ते मोबाइलवरून लॉगिन करून खात्री करा. लॅपटॉप मेलेला असला तरी हे मोबाइलवरून होतं. तिथे डिव्हाइसेसमध्ये तुमच्या लॅपटॉपची की दिसते. कागदावर उतरवून घ्या. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो. उतरवताना चूक झाली असं वाटलं तर भागून बघा. (मी आठही गट भागले. बायको म्हणाली, झोपा आता.) एकापेक्षा जास्त की दिसल्या तर सगळ्या घ्या. निळ्या स्क्रीनवर की आयडी येतो, त्याची सुरुवातीची आठ अक्षरं जुळवून कुठली वापरायची ते कळतं. आणि हा कागद लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका, पाकिटात ठेवा. लॅपटॉप चालू होत असेल तर आणखी सोपं: सेटिंग्जमध्येच डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं तेच कुलूप, बंद करा. त्याला वेळ लागतो, तेव्हा निघायच्या दहा मिनिटं आधी नको, चार्जर लावून आदल्या रात्री.

वॉरंटीचं सर्टिफिकेट वेगळं असतं, बिल म्हणजे सर्टिफिकेट नव्हे. कंपनीची वॉरंटी बहुतेक एक वर्षाची, दुकानाची त्यानंतर सुरू होते, आणि बॅटरी, चार्जर त्यात धरतातच असं नाही. अटींचं पान वाचा. माझं सर्टिफिकेटही त्या पोराच्याच मेलवर गेलं होतं, काउंटरवर मागून परत छापून घ्यावं लागलं.

स्क्रीन कसा लुकलुकतो त्याचा व्हिडिओ काढून ठेवा. काउंटरवर नेलं की आजार पळतो, डॉक्टरकडे नेलेल्या पोरासारखा. चारही बाजूंचे, बिजागरीचे, पोटाचे फोटोही काढा, म्हणजे नंतर ‘हा ओरखडा आधीचाच’ हा वाद होत नाही. माउसचा चिमुकला डोंगल काढून घ्या, माझा तिथेच राहिला. गुरुवारी जाऊ नका. महावितरणची दुरुस्ती निघाली तर लाइट नाही आणि त्यांची सिस्टीम बंद, सातारा रोडवरून हेलपाटा होतो. पाऊस आहे, रिक्षाने जात असाल तरी लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत घालून मग बॅगेत. वॉरंटीत पाण्याला माफी नाही.

जॉबशीट सही करायच्या आधी वाचा. ‘स्क्रॅचेस’, ‘डेंट’ असं सवयीने लिहितात, नसेल तर खोडायला लावा. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, नुसतं ‘डिस्प्ले इश्यू’ नको. ‘डेटाची जबाबदारी आमची नाही’ हे छापलेलं असतंच. पासवर्ड मागतात, तो जॉबशीटवर लिहू नका, चाचणीपुरता वेगळा युजर करून द्या. आणि विचारा: मदरबोर्ड बदलणार का? हो म्हणाले तर खिशातला कागद चाचपा. ४८ आकडे. आहेत ना?

परत घेताना लॅपटॉप तिथेच चालू करून बघा, निळा स्क्रीन आला तर तिथेच आकडे टाका, मग ओटीपी द्या. ओटीपी दिला की त्यांच्याकडे तक्रार मिटली. बदललेल्या पार्टचा उल्लेख बिलावर हवा.

टाळाटाळ केली तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, दोन वर्षांची मुदत, पाच लाखांपर्यंत फी नाही, तुम्ही राहता तिथल्याच आयोगात दाखल करता येतं. माझ्यावर ती वेळ आली नाही, माझी चूक माझीच होती.

कागद पाकिटात ठेवलाय. हिशोबाचं फोल्डर पेनड्राइव्हवर, आणि खजिनदाराच्या मेलवरही. एन्क्रिप्शन उघडणं अजून चालूच आहे.