चार सेकंदांत बंद पडणारा पीसी

बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवा लागायचा आणि मनात चार मोजेपर्यंत सगळं ठप्प. दुकानदाराने फोनवरच निकाल दिला, ‘एसएमपीएस गेलाय, बदला.’ एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. मला पटेना. मेन स्विच बंद करून २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढला, त्यातली हिरवी आणि काळी वायर पेपरक्लिपने जोडली (म्हणजे एसएमपीएस मदरबोर्डशिवायही सुरू होतो), मग स्विच लावला. एसएमपीएसचा पंखा फिरतच राहिला. (लोडवर टिकेलच असं नाही, पण निदान मेलेला नव्हता.) रॅम काढून खोडरबरने पुसली, प्रोसेसरजवळचा १२ व्होल्टचा कनेक्टर पुन्हा बसवला. फरक शून्य.

मग ते ‘चार सेकंद’ डोक्यात अडकलं. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरलं की पीसी बंद होतोच की! म्हणजे बटण आत दाबलेलंच राहत असणार. मदरबोर्डवरून बटणाची वायर उपटली आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. सुरू झाला, सुरूच राहिला.

बटणाच्या खाचेत धूळ आणि चहाचा चिकट थर. चिरंजीवांची कृपा. सध्या रीसेटची वायर पॉवरच्या पिनांवर लावली आहे; रीसेट दाबून पीसी चालू करताना अजून जरा विचित्र वाटतं.