इंग्लंडच्या गावातलं युद्धस्मारक: साफ करताना आणि नावं शोधताना या चुका टाळा

इंग्लंडच्या एखाद्या खेड्यात राहत असाल तर चर्चच्या आवारात दगडी क्रॉस आणि त्याखाली कोरलेली नावं पाहिली असतीलच. नोव्हेंबरचा दुसरा रविवार, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा रिमेंब्रन्स संडे जवळ आला की गावकरी साफसफाईला हात लावतात, आणि नुकसान होतं ते नेमकं तिथेच.

प्रेशर वॉशर, ब्लीच, तारेचा ब्रश, प्लीज यातलं काहीही नको. दगड बरेचदा मऊ चुनखडीचा असतो, वरचा थर निघाला की अक्षरं कायमची पुसट होतात, शिशाची अक्षरं असली तर निखळून पडतात. दगडफूल (हो, गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचंच भावंड) खरवडू नका, पुष्कळदा ते राहू दिलेलंच बरं. आणि व्हिकार, म्हणजे चर्चचे पाद्री, हो म्हणाले म्हणजे झालं असंही नाही, चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारातल्या बऱ्याच कामांना डायोसीजची (बिशपच्या हद्दीतल्या चर्च-कारभाराची) परवानगी लागते, तिला फॅकल्टी म्हणतात. वॉर मेमोरियल्स ट्रस्ट ही संस्था १९९७ पासून स्मारकं जपण्याच्या कामात आहे, आधी त्यांना विचारा.

आता नावं. मुळात हे थडगं नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्येच मृतदेह मायदेशी आणायला बंदी घातली, त्यामुळे मुलगा राहिला फ्रान्समध्ये नाहीतर इराकमधल्या बसऱ्याला, आणि आईबापांना फूल ठेवायला गावात हाच एक दगड. म्हणूनच तर गावोगावी वर्गणी काढून स्मारकं उभी राहिली. नावंही सरकारने नाही, गावच्या कमिटीने ठरवली, म्हणून कुणाचं राहून गेलं, कुणाचं दोन गावांत आलं, एकदा आईवडिलांच्या आणि एकदा बायकोच्या. १९१४-१९१९ दिसलं तर तीही कोरणाऱ्याची चूक समजू नका, लढाई ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबली पण व्हर्सायचा तह जून १९१९ चा.

नुसतं ‘जे. स्मिथ’ टाकून पहिला येईल तो आपला, असं तर अजिबात करू नका, ज्याचं मरण त्याच्याच नावावर राहायला हवं. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीतलं युनिट, तारीख, आईवडिलांचा पत्ता दिलेला असेल तर तोही जुळवा, १९११ च्या जनगणनेत घर शोधा. सर्व्हिस रेकॉर्ड मिळालं नाही तर नाद सोडू नका, साध्या सैनिकांची निम्म्याहून जास्त रेकॉर्ड्स सप्टेंबर १९४० च्या लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाली, मेडल कार्ड (पदकांच्या नोंदीचं कार्ड) मात्र बहुतेकांचं सापडतं.

आणि सगळेच फ्रान्समध्ये गेले असं धरून चालू नका. नोंदीत ‘इंडिया’ असेल तर आपल्या पुण्यातली खडकीची वॉर सेमेटरी बघा. तिथल्या १९१४-१९१८ च्या मेमोरियलवर त्या युद्धाच्या काळात भारतात वारलेल्या अठराशेहून जास्त जणांची नावं आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या कबरी दुसरीकडे आहेत आणि नीट सांभाळता येत नाहीत. पुण्यात ओळखीचं कुणी असेल तर त्या नावाचा फोटो मागवा, आणि युनिटच्या नोंदीसकट गावात जो इतिहास सांभाळतो त्याच्या हातात द्या.