गावातल्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन कसं भरवावं?

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, वाद्यं अशा रोज हाताळल्या गेलेल्या वस्तू काचेमागे मानानं मांडल्या आहेत. दिनकर केळकरांनी घरोघरून जमवलेला हा संग्रह 1975 मध्ये राज्य सरकारला दिला. असल्या कितीतरी वस्तू तुमच्याही गावातल्या माळ्यांवर पडून असतील. शाळेची एखादी खोली मिळाली, तर दिवाळीच्या सुट्टीत किंवा जत्रेच्या दिवसांत त्यांचं प्रदर्शन सहज भरवता येतं.

आधी विषय ठरवा. 'जुनं ते सगळं' मांडलं की नुसती अडगळ दिसते. 'धान्य मोजणं आणि दळणं' एवढाच विषय घेतला तरी खोली भरेल. चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली ही मापं ओळीनं ठेवा. 2 चिपट्यांचं मापटं, 2 मापट्यांचा शेर, 2 शेरांची अधोली, 2 अधोल्यांची पायली. शेजारी परातीत ज्वारी ठेवली, तर मुलं स्वतःच मोजून पाहतील. मग सूप, रोवळी, उखळ-मुसळ आणि शेवटी जातं.

वस्तू मागायला जाताना गावातल्या एखाद्या आजींना सोबत घ्या. त्यांच्या ओळखीनं माळा उघडतो आणि माणसं बोलायला लागतात. खरा ऐवज या बोलण्यातच असतो, म्हणून इथे घाई नको. ही वस्तू कोणी आणली, माहेरून आली का, कोण वापरायचं, कधीपासून बंद पडली, हे विचारा आणि परवानगी घेऊन मोबाईलवर आवाज टिपून ठेवा. आजींना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्याही टिपा. प्रदर्शनात जात्याजवळ त्या ऐकवता येतील. तांब्या-पितळेचं भांडं असेल तर काठाशी बारीक ठोक्यांनी घातलेलं नाव शोधा. आहेर कोणी दिला, कधी दिला, हे पुष्कळदा तिथेच सापडतं.

म्हणूनच भांडी चिंच-मीठ लावून लख्ख घासू नका, अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ कापडानं धूळ पुसली की पुरे. जुनी नऊवारी उन्हात टांगू नका आणि तिला टाचण्या टोचू नका. घड्यांवर जरीचे धागे तुटतात, म्हणून ती सुती कापडात गुंडाळून आणा.

प्रत्येक वस्तूची दोन प्रतींत पावती करा: मालकाचं नाव, फोटो, आधीचे पोचे-चिरा, परत करायची तारीख. देवघरातल्या मूर्ती मात्र मागू नयेत, असं मला वाटतं. घरच्यांना नाही म्हणणं जड जातं.

पाटी चार ओळींची, ठळक अक्षरांत, मुलांना वाचता येईल इतक्या उंचीवर लावा. 'पायली, धान्य मोजण्याचे माप' एवढ्यानं भागत नाही. 'खळ्यावर बलुतेदारांचं धान्य हिनं मोजून दिलं जाई. आजेसासूबाईंपासून याच घरात आहे,' असं लिहिलं की माणूस थांबून वाचतो. अर्थात घरच्यांनी सांगितलं असेल तेवढंच लिहा.

नाजूक वस्तू भिंतीकडे, दोरीपलीकडे. जातं मधोमध गोणपाटावर ठेवा आणि मुलांना फिरवू द्या. जवळ एक मोठं माणूस बसवा, म्हणजे बोटं चेंगरणार नाहीत. दाराशी कोरी वही हवी. आपल्या घरीही अमुक आहे असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

प्रदर्शन उठलं की पावतीवरच्या तारखेलाच वस्तू घरी पोचवा आणि पाटीची प्रत, फोटो आणि टिपलेला आवाजही त्या घरी द्या.